बांध सरकतो, आपण भाषणं करतो

'जमीन' हा शब्द मी तीन कवितांत लिहिला. पण घरचा सातबारा कधी बघितला नव्हता. ही माझी लाज. तीच आधी मांडतो.

मी सूतगिरणीत रात्रपाळी करतो. गावाकडं थोरली आत्या एकटी, वय ऐंशीच्या पुढं. तिच्या नावावर महार वतनातली वीस गुंठे जमीन. शेजारचा बागायतदार आधी दर नांगरटीला एकेक तास आत सरकला. मग म्हणाला, "म्हातारे, तुला व्हत न्हाई, मी कसतो, दाणं घालतो." दर साल दोन पायल्या जोंधळा. नंतर गोठा घातला. यंदा आत्यानं रान परत मागितलं, तर म्हणतो, "बारा वर्सं झाली. रान माझं."

ठाण्यात गेलो. "दिवाणी बाब आहे, कोर्टात जा."

आणि आपला एक कार्यकर्ता म्हणतो, "बाबासाहेबांनी शहरात जा सांगितलंय. सोड ती जमीन."

हे अर्धवट पाठांतर आहे. वतनाच्या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारता'त लिहिलं, 1928 साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. वेठ सुटावी आणि जमीन पूर्ण सारा भरून महाराच्याच हातात राहावी, ही मागणी होती. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा 1958 साली झाला. ते 1956 सालीच गेले होते. पुढं 1959 आणि 1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या मागं माणसं जमिनीसाठी तुरुंगात गेली. शहरात जा म्हणाले ते गुलामी सोडायला. रान चोराच्या हवाली करून जा, असं कोण म्हणालं?

आता कायदा ऐका. मी वकील नाही, पाळी संपल्यावर वाचून काढलंय. आत्याची जमीन नवीन शर्तीची, भोगवटादार वर्ग दोन. कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. म्हणजे स्टँपावर म्हातारीचा अंगठा घेऊन कुणी मालक होत नाही. बारा वर्षांचं म्हणाल, तर 1963 च्या मुदतीच्या कायद्यात मालकाला झुगारून केलेला कब्जाच मोजतात. जो दर साल जोंधळा आणून देत होता, तो मालकीण कबूलच करत होता! आणि अनुसूचित जातीच्या माणसाची जमीन बेकायदा बळकावणं, कसणं हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या तिसऱ्या कलमात गुन्हा आहे. मग नुसती दिवाणी बाब कशी?

पण कागद एकटा चालत नाही. आत्या म्हणते, "आरं, तू पाळीला जाशील. गावात ऱ्हायाचं मला हाय. पाणी बंद केलं तर कुणाच्या दारात जाऊ?" तिच्या या प्रश्नाला माझ्या कवितेत उत्तर नाही. तुमच्या भाषणात आहे?

म्हणून सांगतो. जयंतीची वर्गणी गोळा करता, तसे सातबारे गोळा करा. जुने फेरफार काढा. पीक कुणाच्या नावानं लागलंय ते बघा. मोजणीचा अर्ज टाका, हद्दीचा नकाशा हातात घ्या. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, कुणी कुठं अंगठा घेतलाय. आणि मोजणीच्या दिवशी एकट्या म्हातारीला बांधावर उभी करू नका. दहा जण जा. त्या दिवसापुरते नाही. पुढच्या आठवड्यातही जा, तिच्या घरी चहा प्या, तिचं पाणी चालू आहे का बघा.

मी मोजणीचा अर्ज टाकलाय. तारीख लागली की खाडा करून जाणार. पगार कापू देत. माझ्याबरोबर कोण येतंय, एवढंच विचारतो.

जयभीम.