पाण्याला एकच मार्क कशापायी?

साथींनो, खाणीच्या जनसुनावणीत जाड अहवाल टेबलावर येतो. त्यात नदीच्या पाण्यापुढे एकच आकडा दाखवतात, पाणी गुणवत्ता निर्देशांक. आकडा मोठा म्हणजे पाणी चांगलं, बसा खाली!

हा आकडा बनतो कसा ते पाहा. अमेरिकेत 1970 साली नऊ तपासण्या एकत्र करून असा निर्देशांक काढला. आपल्याकडच्या प्रदूषण मंडळांनी त्यातल्या चारच ठेवल्या : पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, मैल्यातले जंतू, पीएच आणि बीओडी (म्हणजे घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते). प्रत्येकाला 100 पैकी गुण देतात. ऑक्सिजनच्या गुणांना 0.31 ने गुणायचं, जंतूंच्या 0.28 ने, पीएचच्या 0.22 ने, बीओडीच्या 0.19 ने. मग बेरीज. 63 च्या वर गेलं की शेरा 'चांगले ते उत्कृष्ट'.

आता समजा, जंतूंच्या तपासणीत पाण्याला 10 च गुण आणि बाकी तिन्हीत 90. बेरीज येते 67.6. हगवण लावणारं पाणी वरच्या वर्गात पास! आपलं पोरगं बारावीला एका विषयात 35 च्या खाली आलं तर बाकीच्या विषयांतले 90 त्याला वाचवत नाहीत. पाण्याला मात्र वाचवतात.

आणि जे मोजलंच नाही त्याचं काय? यवतमाळ, चंद्रपूरकडे हापसीच्या पाण्यातल्या फ्लोराईडनं दात पिवळे पडतात, हाडं आखडतात. लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी सोय नसेल तर 1.5, त्याच्या वर नाही. त्याला ना रंग ना वास, उकळूनही जात नाही. त्या चार तपासण्यांत फ्लोराईड नाही. खाणीतून येणारं सल्फेट, लोह, जड धातू, हेही नाहीत. शहराच्या गटारानं नदी वर्षागणिक किती नासते हे बघायला निर्देशांक ठीक आहे, त्याला आपली ना नाही. पण खाणीशेजारच्या पाण्याचा निकाल त्यावर लावणं ही फसवणूक आहे.

वनहक्क कायदा 2006 च्या कलम 5 नं पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तो वापरा. ठरावात लिहून घ्या : प्रत्येक तपासणीचा आकडा वेगळा, मराठीत, शेजारी मर्यादा लिहून द्या. नमुना कोणत्या जागेवरून, कोणत्या महिन्यात घेतला तेही सांगा, कारण भर पावसातलं पाणी आणि मे महिन्यातलं डबकं एक नसतं. एकही आकडा मर्यादेबाहेर असला तर पाणी नापास धरायचं. हे कागद हातात येईपर्यंत संमतीचा विषय सभेपुढे घेऊच नका.