आज्याच्या मरणाची नक्कल

माझा आजा १९६७ साली श्रावणात वारला. मी तेव्हा पहिलीत होतो. वरंध खोऱ्यातला पाऊस ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. लाकडं पेटेनात म्हणून पडवीचे दोन वासे उपसून नेले होते, एवढं मला अजून दिसतं. शेवटचं पाणी माझ्या आत्यानं तोंडात घातलं. ती आज चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि त्या दिवशीचं सगळं सांगते.

म्हणजे आजा मेला हे वाडीला ठाऊक, भावकीला ठाऊक, पिंडाला शिवलेल्या कावळ्यालासुद्धा ठाऊक. ठाऊक नव्हतं ते सरकारला. सरकारच्या सातबाऱ्यावर आजा अठ्ठावन्न वर्षं जिवंत होता, खातेदार होता. हिशेब केला तर वय एकशेवीसच्या घरात. आणि आम्ही, जे त्याच्या खाचरात दरसाल लावणी करतो, भात झोडतो, ते कागदावर कोणीच नाही. सोसायटीचं पीककर्ज नाही, नुकसानभरपाई नाही. पंचनाम्याला माणूस आला की विचारतो, ‘खातेदार कुठं आहेत?’ काय सांगायचं? नदीवर गेलेत, अजून आले नाहीत?

२०२५ च्या एप्रिलात सरकारनं ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर काढली. मयत खातेदारांची नावं काढायची आणि वारसांची लावायची. मी म्हणेन, चांगली मोहीम. तलाठ्यानं चावडीवाचन केलं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. नावं बदलली, बाकडी तीच. नावं एकेक वाचली गेली. ‘हे?’ ‘मयत.’ ‘हे?’ ‘मयत.’ सगळा गाव एका तोंडानं सांगत होता. आज्याचं नाव आलं तेव्हा चार म्हातारे एकदम बोलले. यादी झाली. मग आम्हाला सांगितलं, आता मृत्यूचा दाखला आणा.

इथं माझं डोकं फिरलं. गाव सांगतो, पोलीसपाटील सांगतो, आत्या सांगते. तेवढ्यानं यादी होते, फेरफार होत नाही. फेरफाराला कागद पाहिजे. बरं, कागद कुणाकडं आहे? आमच्याकडं नाही. तो सरकारच्याच कपाटात आहे. म्हणजे सरकारच्या एका खोलीतला कागद सरकारच्याच दुसऱ्या खोलीत पोचवायला, मधे मी, चौसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे धरून एसटीनं हेलपाटे घालायचे.

ग्रामपंचायतीत गेलो. ‘काका, १९७० च्या आधीचं आमच्याकडं नाही.’ ते खरंच आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, अंमल १ एप्रिल १९७० पासून. त्याआधीच्या नोंदी पोलीसपाटील नाही तर कोतवाल ठेवायचा. त्या वहीला गाव नमुना चौदा म्हणतात, जुनी माणसं कोतवाल बुक म्हणतात. त्या वह्या वरच्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये. ती कचेरी कुठली ते मी लिहीत नाही, कारण ज्याला म्हणून हा अनुभव आला त्याला ती आपलीच वाटेल.

तिथं अर्ज दिला, शोध फी भरली. पंधरा दिवसांनी या. गेलो. साहेब मीटिंगला. परत गेलो. कारकून रजेवर. पुढच्या वेळी एका ओळीचा कागद मिळाला, ‘नोंद आढळून येत नाही.’ कोणी शोधलं, कुठल्या वहीत, किती पानं उलटली, काही नाही. मी म्हटलं, ‘साहेब, वही मला दाखवा, मी शोधतो.’ ‘तुम्हाला कशी दाखवणार?’ मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. त्यात अभिलेख बघायला मागता येतो, हे मला शाळेनं नाही शिकवलं, एका एसटी कंडक्टरनं शिकवलं.

वही उघडली. पानं कसरीनं खाल्लेली, कोपरे विरघळलेले. दुपारपर्यंत आमच्या गावाची वही चाळली, आजा नाही. मग मला आठवलं, आमची वाडी तेव्हा शेजारच्या गावाच्या पोलीसपाटलाकडं होती. त्या गावाची वही काढायला लावली आणि पाचव्या पानावर आजा सापडला. नाव, जात, वय, मरणाचं कारण ताप. आज्याच्या वर दोन ओळी सोडून आणखी एक नोंद होती. स्त्री, वय आठ दिवस, नाव नाही. आमच्याच घरची. घरात कधी कोणी बोललं नव्हतं. आत्याला सांगितलं तर ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘लिवलं होतं काय तिचं?’

नक्कल हातात पडली दिवाळीत. मोहीम १० मेला संपलेली.

आता कोणी म्हणेल, कडक नियम हवेतच, नाहीतर कोणीही कोणालाही मारील. हे मला मान्य आहे. उत्तर प्रदेशात आझमगडच्या लाल बिहारींना जमिनीसाठी नातेवाइकांनीच कागदावर मारलं होतं. परत जिवंत व्हायला त्यांना १९९४ साल उजाडलं. आपल्याकडंही बहिणीला मयत दाखवून जमीन गिळणारे भाऊ आहेत. तेव्हा चौकशी करा, कसून करा. पण चौकशी म्हणजे सरकारनं करायचं काम. ‘आढळून येत नाही’ ही चौकशी नव्हे, ती टाळाटाळ आहे. त्यानंतर त्या म्हाताऱ्या माणसानं उशिरा नोंदणीचा हुकूम मिळवायचा, त्यासाठी प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, पुन्हा हेलपाटे. सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ सालीच माफ झालंय, तरी कचेरीबाहेरचा टेबलवाला आधी स्टँपपेपरच पुढं सरकवतो आणि आतला कोणी बाहेर येऊन ‘नको’ म्हणत नाही.

आणि सरकारला मनावर घेतलं की सगळं जमतं. २०२३ साली कुणबी नोंदींचा प्रश्न तापला, न्यायमूर्ती शिंदे समिती बसली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली हीच कपाटं उघडली. मोडी वाचणारे शोधून आणले, पानन्‌पान तपासलं, स्कॅन केलं. त्यात कोतवाल बुकंही होती. म्हणजे जी वही जात शोधायला उघडते ती मरण शोधायला का उघडत नाही? पान तेच, ओळ तीच. जातीच्या रकान्याशेजारीच माणसाचं नाव आणि मरणाची तारीख आहे.

दुसरं सांगतो. २२ जुलै २०२१ ला आमच्याच तालुक्यात तळियेवर डोंगर आला. ऐंशीच्या वर माणसं गेली. कित्येकांचे देह मिळालेच नाहीत. काही दिवसांनी शोध थांबवला आणि न सापडलेल्यांना मृत धरलं. एरवी बेपत्ता माणसाला सात वर्षं वाट बघण्याचा कायदा आहे. तिथं ती वाट बघायला लावली नाही, हे योग्यच केलं, त्या घरांवर आभाळच कोसळलं होतं. पण याचा अर्थ, सरकारला माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवता येतो. मग एकट्यानं, तापानं, श्रावणातल्या पावसात मेलेल्याच्या लेकीचा शब्द का चालू नये? सरकारनं विश्वास ठेवावा म्हणून आम्ही गावच्या गाव मरायचं काय?

माझं मागणं मोठं नाही. १९७० च्या आधीच्या सगळ्या वह्या गाव आणि वाडीवार सूची करून ग्रामपंचायतीत बघायला ठेवा. ‘नोंद नाही’ लिहाल तर कोणती वही, कोणती पानं तपासली ते खाली लिहा आणि सही करा. आणि चावडीवाचनात ज्याला अख्ख्या गावानं मयत सांगितलं, त्या जुन्या मरणाचा पंचनामा तलाठ्यानं पोलीसपाटलासमोर, तिथंच, म्हातारी माणसं जिवंत आहेत तोवर करा. आत्यासारख्या माणसांना दुसरी मोहीम मिळणार नाही.

सरकारला झोडपून झालं, आता आपल्या माणसांना. माझ्या बापानं आज्याचं मरण तलाठ्याला का कळवलं नाही? वारसानं तीन महिन्यांत कळवायचं असतं. बापूस अडाणी नव्हता. कळवलं असतं तर बहिणींची नावं सातबाऱ्यावर लागली असती, हे त्याचं कारण. हे लिहिताना मला लाज वाटते, पण आमच्या खोऱ्यातले निम्मे जुने सातबारे याच कारणानं मेलेल्यांच्या नावावर राहिलेत असं माझं मत आहे. आम्ही बहिणीला टाळलं आणि त्यात स्वतःच कागदावरून पुसले गेलो. आता फेरफाराला दिलेल्या अर्जात आत्याचं नाव मी पहिलं लिहिलंय.

तेराव्याला आपण दोनशे पानं उठवतो, पण एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत जाऊन मरण नोंदवायला एक माणूस मोकळा नसतो. मुंबईत वारला असेल तर नोंद मुंबईतच होते, गावात नाही, हेही कितीकांना ठाऊक नसतं. कळवणाऱ्याला पहिला दाखला फुकट मिळतो. तो घ्या, फी भरून आणखी चार घ्या, नाव सातबारा आणि आधारशी ताडून बघा. धोंडूचा धोंडीबा झाला तर पुढची पिढी मेली. आणि कचेरीत दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच मागा, शिक्का मारून. पोच देत नाहीत तोवर खिडकी सोडू नका.