टप्पेवार वीजदर आणि आपण

विजेचे बिल घरी आले, की वडीलधारी मंडळी एकूण रकमेवर दृष्टी टाकतात व कागद खुंटीच्या तारेला अडकवून ठेवतात. ती रक्कम कशी झाली, हे क्वचितच कोणी पाहते. आमच्या मते हा हिशेब समजून घेणे विद्यार्थ्यांचे कर्तव्य आहे. जोयड्याच्या विद्यार्थ्यांचे तर विशेषच. काळी नदीवरील १०१ मीटर उंचीच्या धरणामुळे सुपा हे आपल्या तालुक्याचे जुने ठाणे पाण्याखाली गेले. ज्या विजेसाठी येथील कुटुंबांनी घरदार सोडले, तिचा हिशेब आपणच जाणू नये, हे शोभणारे नव्हे.

टप्पेवार दराचे तत्त्व सोपे आहे. समजा, पहिल्या १०० युनिटांना प्रत्येकी ४ रुपये व त्यापुढे ८ रुपये दर आहे. १०१ युनिटे वापरणाऱ्यास ४०८ रुपये पडतील, ८०८ नव्हेत. कारण वाढीव दर पुढच्या एकाच युनिटास लागतो. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर १००, ३०० व ५०० युनिटांवर असे बदलतात. गरजेपुरती वीज स्वस्त आणि चैनीची महाग, हा त्यामागील न्याय आम्हांस मान्य आहे.

कर्नाटकात १ एप्रिल २०२४ पासून घरगुती विजेच्या सर्व युनिटांस एकच दर झाला. तरी टप्पा नाहीसा झाला नाही. २०२३ साली सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत प्रत्येक घराची मोफत युनिटे त्याच्या पूर्वीच्या सरासरी वापरावरून ठरतात आणि २०० युनिटे ही कमाल सीमा आहे. ती ओलांडली, की पूर्ण बिल भरावे लागते. येथे एक युनिट खरोखरच महाग पडते.

आमचा आक्षेप एवढाच, की मीटर युनिटे मोजतो, माणसे मोजत नाही. एका मीटरवर दहा माणसांचे एकत्र कुटुंब नांदते, दुसऱ्यावर दोघेच राहतात. कमाल सीमा मात्र दोन्ही घरांस एकच. बहुतेक शिधापत्रिकांवर धान्य माणशी मिळते; मग विजेच्या सवलतीत माणसांचा विचार का नसावा?

हा प्रश्न विचारावयाचा, तर आधी आकडे हाती हवेत. प्रत्येक विद्यार्थ्याने दरमहा घरच्या मीटरचा आकडा वहीत टिपावा, मागील महिन्याचा आकडा वजा करावा आणि बिलाशी ताडून पाहावा. हिशेब जाणणाऱ्याचीच तक्रार ऐकली जाते.