जुन्या लॅपटॉपचें नवें बिऱ्हाड

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असा एखादा लॅपटॉप असेल, कीं जो टाकवतही नाहीं आणि निर्धास्तपणें वापरवतही नाहीं. आमच्या घरीं तो आहे. २०१७ सालीं घेतला. घरांत माणसें नऊ, तेव्हां त्यावर हक्क सर्वांचाच. परंतु खरी सत्ता आमच्या वडील बंधूंची. दादा गेलीं चौदा वर्षें आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत आहेत. गांवोगांव हिंडून, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या चाळून आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून ऐकून जमविलेली ती सामग्री आज जवळ जवळ सहाशें पृष्ठांची झाली आहे, व ती सर्व ह्या एका लॅपटॉपमध्यें आहे. तिची दुसरी प्रत बाहेरून जोडावयाच्या एका डिस्कवर आहे. तिसरी प्रत त्या वेळीं नव्हती. हें शेवटचें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

विंडोज १० ह्या कार्यप्रणालीची नित्याची विनामूल्य देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली. पुढची प्रणाली विंडोज ११. तिला इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो बहुधा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. आमचा सातव्या पिढीचा. नवा लॅपटॉप घ्यावा, असा एक पक्ष घरांत निघाला; परंतु जुन्याचा पडदा, कीबोर्ड, बॅटरी सारें धड असतां तो भंगारांत कां द्यावा, ह्या वहिनींच्या प्रश्नास त्या पक्षाजवळ उत्तर नव्हतें. तेव्हां आमच्या पुतण्यानें लिनक्सची सूचना पुढें आणली.

लिनक्सविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरवल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें २५ ऑगस्ट १९९१ रोजीं जाहीर केलें कीं, आपण केवळ हौसेखातर एक कार्यप्रणाली तयार करीत आहों. तो तिचा गाभा. भोंवतालचीं साधनें बरींचशीं अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं १९८३ सालीं जाहीर केलेल्या ग्नू ह्या उपक्रमांतून आलीं. ह्या साऱ्याचा मूळ मजकूर कोणासही वाचावयास, बदलावयास व वांटावयास मोकळा असतो. पैसे पडत नाहींत हा गुण खरा, पण तो दुय्यम. स्टॉलमन ह्यांच्या मनांत हा विचार रुजण्यास एक प्रिंटर कारण झाला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. एमआयटीच्या प्रयोगशाळेंत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला होता. त्यांत कागद अडकला कीं लोकांस तशी वर्दी जावी, एवढी सोय त्यांना करावयाची होती. परंतु प्रिंटर चालविणाऱ्या प्रोग्रामचा मूळ मजकूर त्यांना कोणी दिला नाहीं. त्या घटनेस चाळीसांहून अधिक वर्षें झालीं आणि प्रिंटर अजून तसेच आहेत, हें पुढें दिसेलच.

लिनक्स बसवितांना जो त्रास होतो तो बहुतेक एकाच ठिकाणीं होतो. संगणकांतील प्रत्येक भागाची बोली निराळी. ती जाणणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. विंडोजसाठीं हा दुभाषी कारखानदार स्वतः पुरवितो. लिनक्ससाठीं कांहीं कारखानदार मनापासून पुरवितात, कांहीं अर्धवट, आणि कांहीं मुळींच नाहीं. मग हौशी मंडळी त्या भागाचें वागणें महिनेच्या महिने निरखून त्याची बोली शिकतात. म्हणून ‘माझ्या लॅपटॉपवर लिनक्स चालेल काय?’ ह्या प्रश्नास लॅपटॉपचें नांव सांगून उत्तर मिळत नाहीं. झांकणावरचें नांव म्हणजे कूळ नव्हे. एकाच नांवाच्या लॅपटॉपांत एका खेपेस एका कारखान्याची वायफायची चिप व दुसऱ्या खेपेस दुसऱ्याची बसविलेली आढळते. खरी ओळख दोन खुणांत असते, प्रत्येक चार आंकड्या-अक्षरांची: पहिली कारखान्याची, दुसरी त्या वस्तूची. इंटेलची खूण ८०८६ आहे. त्याच क्रमांकाचा त्यांचा प्रोसेसर १९७८ सालीं निघाला होता. ह्या खुणा पाहण्यासाठीं टर्मिनल नांवाची खिडकी उघडून एल, एस, पी, सी, आय हीं पांच लहान अक्षरें लिहावीं, जागा सोडून एक आडवी रेघ व दोन एन लिहावे, म्हणजे सर्व मंडळींची यादी गोत्रासह समोर येते. ती कागदावर उतरून घ्यावी. पुढें कोणास मदत विचारावयाची तर ह्या खुणा सांगितल्यावांचून नेमकें उत्तर मिळत नाहीं. ‘वायफाय चालत नाहीं हो’ म्हणणें हें वैद्यापुढें नाडी न दाखवितां ‘बरें वाटत नाहीं’ म्हणण्यासारखें आहे.

असो. पुतण्यानें उतरवून घेतलेली फाइल प्रथम जशीच्या तशी पेनड्राइव्हवर ठेवली, आणि लॅपटॉप कांहीं केल्या त्यावरून सुरू होईना. फाइल ठेवणें निराळें आणि तिच्यापासून सुरू होणारा पेनड्राइव्ह बनविणें निराळें. त्यास स्वतंत्र प्रोग्राम लागतो. शिवाय फाइल पुरती व निर्दोष उतरली कीं नाहीं हें ताडून पाहण्यास चौसष्ट अक्षरांची एक खूण दिलेली असते, ती न पाहतां पुढें जाणारे पुष्कळ. आमचे चिरंजीव त्यांपैकींच. दुसऱ्या खेपेस पेनड्राइव्ह नीट झाला. त्यावरून लिनक्स आधीं नुसतें चालवून पाहतां येतें. आंतील डिस्कला हात लागत नाहीं. वाग्निश्चयापूर्वीं पत्रिका पाहण्यापैकींच हें आहे. आवाज, पडदा, कॅमेरा सारें ठीक होतें. वायफाय मात्र नव्हतें. तें मागाहून पाहूं, असें ठरलें.

रविवारीं जेवणें उरकल्यावर प्रत्यक्ष स्थापनेस बसलों. सारें घर भोंवतीं जमलेलें. दादा आरामखुर्चींत, वहिनी शेजारीं मेथी निवडीत. कुलवृत्तांताची ताजी प्रत बाहेरच्या डिस्कवर नुकतीच काढली होती. स्थापनेच्या प्रोग्रामनें डिस्क विचारली. यादींत डिस्क एकच होती. ‘संपूर्ण डिस्क पुसून स्थापना करावी’ हा पर्याय निवडला गेला, आणि पुतण्याचें बोट बटणावर टेकणार तोंच वहिनी म्हणाल्या, “अरे, थांब. आपल्या लॅपटॉपची डिस्क दोनशें छप्पन्न जीबीची ना? मग येथें एक टीबी कसें दाखवितें आहे?”

वहिनींनीं बत्तीस वर्षें बँकेंत काढलीं आहेत. आंकडा दिसला कीं तो आधीं जुळवून पाहावयाचा, ही त्यांची जुनी खोड.

ती बाहेरची डिस्क होती! प्रत काढल्यावर ती तशीच जोडलेली राहिली, आणि लॅपटॉपची आंतली डिस्क यादींत आलीच नव्हती. आंतली प्रत तरी शाबूत होती, असें कोणी म्हणेल. परंतु आंतली डिस्क पुसावयाची म्हणूनच आम्ही बसलों होतों. बाहेरची प्रत गेल्याचें ध्यानीं न येतां दुसऱ्या प्रयत्नांत तीही पुसली गेली असती, ह्यांत आम्हांस शंका वाटत नाहीं. कोणी कांहीं बोललें नाहीं. दादा उठले, त्यांनीं ती डिस्क स्वतःच्या हातानें काढली, रुमालांत गुंडाळून कपाटांत ठेवली आणि कपाटाची किल्ली जानव्यास बांधली. त्या दिवशीं पुढें काम झालें नाहीं. सोमवारीं आम्हीं आधीं तिसरी प्रत काढली व ती आमच्या मेहुण्यांकडे नेऊन ठेविली.

आंतली डिस्क कां दिसली नाहीं, ह्याचें कारण साधें आहे व तें पुष्कळांच्या अनुभवास येत असेल. कित्येक लॅपटॉपांत डिस्कचा कारभार इंटेलच्या एका जोडव्यवस्थेमार्फत चालेल असें कारखान्यांतच ठरवून दिलेलें असतें. सेटिंगमध्यें तिचें नांव आरएसटी किंवा रेड असें असतें. ह्या व्यवस्थेआड ठेवलेली डिस्क लिनक्सच्या स्थापनेस अनेकदां दिसतच नाहीं. लॅपटॉप सुरू होतांना बायोसच्या सेटिंगमध्यें जाऊन तेथें एएचसीआय हा पर्याय निवडला कीं ती दिसूं लागते. मात्र हा बदल एकदम करूं नये. जुनी विंडोज ठेवावयाची असेल तर तिला पुढील खेपेस सेफ मोडमध्यें सुरू होण्यास आधीं सांगून ठेवावें, मग बदल करावा. नाहीं तर ती उठतच नाहीं. दुसरें असें कीं, कांहीं लॅपटॉपांत डिस्क नकळत कुलूपबंद केलेली असते, आणि असा बदल होतांच ती ४८ आंकड्यांची किल्ली मागते. ती किल्ली हाताशीं नसेल तर आंतल्या साऱ्यावर पाणी सोडावें लागतें. आमची डिस्क कुलूपबंद नव्हती. पण हें आम्हीं बदल करण्यापूर्वीं पाहिलें, मागाहून नव्हे. रविवारच्या प्रसंगानें एवढें शहाणपण आलें होतें. शेवटीं विंडोज न पुसतां तिच्या शेजारींच अर्ध्या जागेंत लिनक्स बसविलें. विंडोजची ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय तेवढी बंद करावी लागली, कारण ती असतां विंडोज पुरती बंद होत नाहीं, व तिच्या भागांत लिनक्सला कांहीं लिहितां येत नाहीं.

वायफायचा घोळ दोन दिवस चालला. यादींतील खुणेवरून कळलें कीं, ह्या चिपचा ड्रायव्हर कारखान्याचा बंदिस्त आहे व तो इंटरनेटवरून आणावा लागतो. म्हणजे इंटरनेट हवें तर आधीं इंटरनेट हवें! उपाय मात्र घरांतच होता. मोबाइल चार्जिंगच्या तारेनें लॅपटॉपला जोडून त्यांतील टेदरिंग चालू केलें, कीं लिनक्स त्यास तारेचें इंटरनेट समजतें. ड्रायव्हर आला, तरी वायफाय येईना. ड्रायव्हर बसवितांना त्यानें एक परवलीचा शब्द ठरवावयास सांगितला होता, आणि पुढल्या सुरुवातीस एक निळा पडदा येऊन तो शब्द विचारणार होता. सेक्युअर बूट ही व्यवस्था अनोळखी ड्रायव्हरला आंत घेत नाहीं. ह्या पडद्यावर घरधन्यानें हमी द्यावयाची असते. तो पडदा दहा सेकंद थांबतो. आमचे चिरंजीव तेव्हां चहास गेले होते. दुसऱ्या दिवशीं मंडळी डोळ्यांत तेल घालून बसली, शब्द दिला, आणि वायफाय आलें.

ह्या बंदिस्त मालाविषयीं लिनक्सवाल्यांतही एकमत नाहीं. १९९३ पासून चालत आलेल्या डेबियन ह्या वितरणानें आपल्या अधिकृत स्थापनेंत कारखान्यांचा बंदिस्त फर्मवेअर न घेण्याचें सोवळें कैक वर्षें पाळलें. २०२२ सालीं सभासदांचें मत घेऊन तें शिथिल केलें, व १० जून २०२३ रोजीं निघालेल्या बाराव्या आवृत्तींत तो फर्मवेअर आला. कडक मतांच्या मंडळींचें दुःख आम्हांस समजतें. पण ज्याच्या घरीं वायफाय नाहीं त्यास तत्त्व वाचावयासही मिळत नाहीं, हेंही खरें.

मग दादांनीं कुलवृत्तांत उघडला, आणि पडद्यावर मूळपुरुषाच्या जागीं रोमन अक्षरें व स्वल्पविरामांचा कचरा उमटला. दादांचा चेहरा पाहवेना. मजकूर मात्र जागच्या जागींच होता. युनिकोडमध्यें देवनागरी १९९१ पासून आहे, तरी आमच्याकडे त्यानंतरही पुष्कळ वर्षें जुन्या धर्तीचे फाँट चालत राहिले. त्यांत पडद्यावर ‘क’ दिसला तरी फाइलींत रोमन अक्षराचीच खूण असते. पहिलीं तीन प्रकरणें दादांनीं अशा फाँटांत लिहिलीं होतीं. तो फाँट जुन्या प्रणालींतून आणून बसवितांच मूळपुरुष स्वस्थानीं आले. आतां तीं प्रकरणें युनिकोडमध्यें आणण्याचें काम वहिनींनीं अंगावर घेतलें आहे. त्यासाठीं प्रोग्राम मिळतात, परंतु जोडाक्षरें व रफार ओळीनें तपासावे लागतात.

प्रिंटरची कथा थोडक्यांत. आमचा लहान लेझर प्रिंटर बंद केला कीं सर्व विद्या विसरतो. प्रत्येक वेळीं सुरू केल्यावर संगणकानें त्याच्या कानांत फर्मवेअर सांगावा लागतो. म्हणजे रोज सकाळीं नव्यानें मुंज. तो बंदिस्त फर्मवेअर लिनक्सबरोबर येत नाहीं, स्वतंत्र उतरवून घ्यावा लागतो, आणि ड्रायव्हरची आवृत्ति बदलली कीं तोही त्याच आवृत्तीचा लागतो. तिसऱ्या प्रयत्नास कुलवृत्तांताचें पहिलें पान छापून बाहेर आलें. दादांनीं चष्मा लावून तें वाचलें, पणजोबांच्या मुंजीच्या सालांत चूक काढली व पेन्सिलीनें खूण केली. ती चूक दहा वर्षांची जुनी निघाली.

बोटाचा ठसा ओळखणारी चकती अद्याप मुकीच आहे. तिची खूण आम्हीं वहीवर उतरून ठेविली आहे, व दर महिन्यास तिचा दुभाषी निघाला कीं काय हें पुतण्या पाहतो. वहिनी म्हणतात, “भाऊजी, तिच्यावर बोट ठेवीत होतें कोण?”