साधा, सरळ, मनमिळाऊ वगैरे वगैरे

ऑफिसात माझा अर्धा दिवस दुसऱ्यांचा कोड रिव्ह्यू करण्यात जातो. त्यामुळे की काय कोण जाणे, गेल्या वर्षभरात मित्रमंडळींनी आपापली प्रोफाइल्ससुद्धा माझ्याकडे रिव्ह्यूला पाठवायला सुरुवात केलीये. कुणाचं लग्न जुळवणाऱ्या साइटवरचं, कुणाचं डेटिंग अ‍ॅपवरचं, तर कुणाचा आईने वर्डमध्ये केलेला बायोडेटा, वरच्या गणपतीसकट. आतापर्यंत वीसेक तरी वाचून झाली असतील. आणि खरं सांगू का, मला तर एकच प्रोफाइल वीस वेळा वाचल्यासारखं वाटलं.

"मी एक साधा, सरळ, मनमिळाऊ मुलगा आहे. वाचन, संगीत आणि प्रवासाची आवड. करिअर आणि घर यांचा समतोल साधणारी समजूतदार जोडीदार हवी." नाव झाकलं तर कुठलं कुणाचं ते त्यांच्या आईलाही ओळखता येणार नाही. (बऱ्याचदा ते आईनेच लिहिलेलं असतं ही गोष्ट वेगळी :) )

आता यात खोटं काही नाही. पोरं खरंच साधी आहेत. पण इंजिनिअरिंगला कम्युनिकेशनच्या पेपरात क्लॉड शॅनन नावाच्या गृहस्थांनी आपल्याला छळलेलं आठवतंय का? १९४८ साली त्यांनी माहिती मोजायची कशी हे सांगितलं. संदेश जितका अपेक्षित, तितकी त्यात माहिती कमी. उद्या सूर्य पूर्वेला उगवेल असं सांगणाऱ्याने काहीच सांगितलेलं नसतं. 'प्रवासाची आवड' हे त्यातलंच. प्रवासाचा तिटकारा आहे असं लिहिणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. भेटला तर त्याचं प्रोफाइल मी पूर्ण वाचीन!

म्हणून माझं पहिलं मत: विशेषणं काढा, घडलेली गोष्ट लिहा. 'ट्रेकिंगची आवड' याऐवजी 'राजगडला तीनदा गेलो, तिन्ही वेळा गुंजवण्याहून चोर दरवाजाने, आणि बालेकिल्ल्याच्या चढावर दर वेळी पाय लटपटले' असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला एक माणूस दिसतो. शिवाय त्याला पुढे काहीतरी विचारता येतं. 'स्वयंपाक येतो' यापेक्षा 'पोळ्या अजून नकाशासारख्या होतात, पण पिठलं-भात माझ्या हातचा खावा' हे कितीतरी बरं. समोरच्याला 'हाय' च्या पुढे लिहायला एक धागा मिळाला पाहिजे, प्रोफाइलचं काम एवढंच.

हल्ली तर यात नवीनच भानगड झालीये. लोक चॅटजीपीटीला सांगून लिहून घेतात. मग 'आयुष्याच्या या सुंदर प्रवासात हातात हात घालून चालणारी सखी' वगैरे तयार होऊन येतं. एरवी "मीटिंग पुढे ढकला रे, भूक लागलीये" एवढंच बोलणारा माझा मित्र असा कधीपासून बोलायला लागला? जे हजारो लोकांना चालेल असं वाक्य ते यंत्र काढून देतं, आणि आपल्याला तर नेमकं उलटं हवं असतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो. "अरे इतकं नेमकं लिहिलं तर लाइक्स कमी येतील." बरोबर आहे, येतील. आणि या म्हणण्याला चक्क संशोधनाचाही आधार आहे. नॉर्टन, फ्रॉस्ट आणि एरिएली या तिघांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांना असं दिसलं, की समोरच्याबद्दल माहिती जितकी जास्त, तितका तो सरासरीने कमी आवडतो. मोघम जागा आपण आपल्या स्वप्नांनी भरून घेतो ना! पण त्याच अभ्यासात पुढचा भागही आहे. प्रत्यक्ष भेटीनंतर आवड खाली घसरते. म्हणजे मोघम लिहून बिल चुकत नाही, फक्त पुढच्या महिन्यावर जातं. त्यापेक्षा नको असलेली चाळीस माणसं प्रोफाइलवरच गळाली तर दोघांचेही शनिवार-रविवार वाचतील. मुळात आपल्याला शेवटी एकच माणूस हवंय, टीआरपी नकोय.

थापांचंही तेच. २००८ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात न्यूयॉर्कमधल्या ८० ऑनलाइन डेटिंग करणाऱ्यांना बोलावून त्यांची उंची आणि वजन मोजलं, लायसन्सवरून वय तपासलं. दहातल्या आठ जणांनी या तिघांपैकी निदान एक तरी गोष्ट चुकीची दिलेली निघाली. थापा मात्र बारीक होत्या. पुरुष उंची थोडी वाढवत होते, बायका वजन थोडं घटवत होत्या. आपल्याकडे यात 'पॅकेज' नावाची तिसरी वस्तू घाला. हातात येणारा पगार आणि सीटीसी यांतलं अंतर माहीत असूनही मोठा आकडाच टाकायचा, आणि फोटो कॉलेजच्या गॅदरिंगचा! अहो, उंची पहिल्या भेटीत पाचव्या सेकंदाला कळते. एका इंचासाठी विश्वास घालवण्याइतका वाईट सौदा दुसरा नसेल.

पण सगळा दोष लिहिणाऱ्यांना देऊन चालणार नाही. ही प्रोफाइल्स मुळात एका फॉर्ममधून जन्माला येतात. उंची, जात, मंगळ, उत्पन्न, स्वतःचा फ्लॅट. जो रकाना छापलाय, तो महत्त्वाचा आहे असं फॉर्म न बोलता सांगत असतो. शादी डॉट कॉमवर कातडीच्या रंगाचा फिल्टर २०२० च्या जूनपर्यंत होता. लोकांनी ऑनलाइन सह्या गोळा केल्या तेव्हा तो निघाला. इतकी वर्षं कुणी डेटाबेस डिझाइन करताना 'हा कॉलम कशाला?' असं विचारलंच नसेल का? आपल्या धंद्यातल्या लोकांनी हे जरा मनाला लावून घेण्यासारखं आहे. कॅमेरा मेगापिक्सेल बघून घेता येतो. माणसाचं तसं नाही, सहवासाशिवाय तो कळतच नाही. विनोदबुद्धीचा रकाना काढणार कसा?

आणि रकान्यांचा सगळ्यात जास्त जाच कुणाला होतो, तर ज्यांचं आयुष्य त्यात नीट बसत नाही त्यांना. माझ्या एका मैत्रिणीचं लग्न आठ महिन्यांत मोडलं. "घटस्फोटाचं आधीच कशाला लिहायचं? जरा ओळख होऊ दे, मग सांगू," असा घरातल्या समस्त काका-मावश्यांचा सल्ला. तिने ऐकलं नाही. तिने तिसऱ्याच ओळीत लिहिलं, की लग्न झालं होतं, टिकलं नाही, आता त्याबद्दल शांतपणे बोलता येतं, आणि मला सकाळी सातच्या आधी उठवू नये. येणारे निरोप एकदम कमी झाले. पण जे आले त्यांत "पण नक्की चूक कुणाची?" असं आडून आडून विचारणारे जवळजवळ नव्हते. तिचं लग्न जमलं का? अजून नाही. पण पूर्वी दर फोनआधी तिच्या पोटात गोळा यायचा, तो आता येत नाही. माझ्या मते प्रोफाइल चांगलं झालं की नाही हे यावरून ठरवावं.

एक सावधगिरी मात्र हवी, मुलींनी तर नक्कीच. नेमकं लिहा म्हणजे पत्ता लिहा असं नव्हे. स्वभाव, सवयी, मतं यांत नेमकेपणा हवा. सोसायटीचं नाव, कंपनी, जिमची वेळ, गळ्यात आयकार्ड असलेला फोटो हे सगळं बाहेर ठेवा. समोरच्याचा फोटो गूगलवर उलटा शोधून बघायलाही लाजू नका. आणि ओळख वाढण्याआधी कुणी पैसे मागितले, कारण कितीही करुण असलं तरी, तिथेच राम राम.

शेवटी मी रिव्ह्यू करताना वापरतो ती एक युक्ती सांगतो. प्रोफाइलमधली एकेक ओळ घ्या आणि तुमच्या जागी तुमच्या रूममेटचं नाव घालून वाचा. ओळ तरीही खरी वाटली तर ती खोडा. बहुतेकांच्या पहिल्या फेरीत दोन ओळी शिल्लक राहतात. घाबरू नका, त्या दोनच ओळी तुमच्या आहेत. तिथून सुरुवात करा.

असो. सोमवारी रिलीज आहे आणि अजून तीन प्रोफाइल्स रिव्ह्यूला पडलीयेत. त्यातल्या एकाची पहिली ओळ आहे, 'मी एक साधा मुलगा...'