जळगावपेक्षा लहान वेल्स

वेल्सची लोकसंख्या साधारण 31 लाख. 2011 च्या जनगणनेत एकट्या जळगाव जिल्ह्याची होती 42 लाख. धुळ्याचे 20 लाख मिळवा, आकडा 62 लाखांवर जातो. अख्खं आयर्लंड बेट, उत्तरेचा ब्रिटिश तुकडा धरूनही, 70 लाखांच्या आसपास. तेव्हा ‘आपल्या खानदेशात कुठं तेवढी पोरं?’ हे रडगाणं आधी बंद करू.

रग्बीत आयर्लंड भारी की वेल्स, या वादात लोक ट्रॉफ्या मोजतात. मोजू. सिक्स नेशन्स ही युरोपातल्या सहा संघांची दरवर्षीची स्पर्धा. सगळे सामने जिंकले की ग्रँड स्लॅम. वेल्सने तो 2005, 2008, 2012 आणि 2019 ला मारला. तोवर या शतकात आयर्लंडचे दोनच, 2009 आणि 2018. वर्ल्ड कपमध्ये वेल्स तीनदा सेमीफायनलला गेलं. आयर्लंड क्वार्टर फायनलच्या पुढे कधीच नाही. आणि हेच वेल्स 2024 आणि 2025 ला एकही सामना न जिंकता तळाला! ओळीने 18 आंतरराष्ट्रीय सामने हरलं. तिकडे आयर्लंडचा 2023 ला ग्रँड स्लॅम, 2024 ला पुन्हा विजेतेपद. पाच वर्षांत वेल्शांच्या रक्तातला दम आटला का?

दम तिथेच आहे, जिना मोडलाय. आयर्लंडच्या संघटनेने चार जुने प्रांत आपल्या हाताखाली ठेवले, वरच्या खेळाडूंचे करार स्वतः केले. वेल्सने 2003 मध्ये जुने क्लब जोडून पाच नवे संघ काढले आणि वर्षभरात त्यातला एक बंद केला. तोही खाणींच्या दऱ्यांतला, जिथे रग्बी गल्लीगल्लीत खेळतात. मग संघटना आणि संघ यांचं पैशावरून भांडण. 2023 ला खेळाडू संपाच्या तोंडावर आले. आयर्लंड फार पवित्र आहे असं नाही, लेन्स्टरला पोरं पुरवतात त्या डब्लिनच्या फीवाल्या शाळा. पण कनॉट बघा. पश्चिमेचा गरीब, कायम हरणारा प्रांत. 2003 मध्ये तो गुंडाळायचं घाटत होतं. लोक रस्त्यावर उतरले, संघ वाचला. 2016 ला त्याच कनॉटने फायनलमध्ये लेन्स्टरला 20-10 हरवलं.

आता आपल्याकडे या. भुसावळहून नागपूरच्या लाइनवर बोदवड आणि मलकापूर लागून आहेत. बोदवडचा पोरगा महाराष्ट्राकडून खेळणार, त्याचा दरवाजा पुण्यात. मलकापूरचा विदर्भाकडून, त्याचा नागपुरात. महाराष्ट्राच्या संघात वीसेक जिल्हे कोंबलेत, विदर्भात 11. रणजी ट्रॉफी महाराष्ट्राने शेवटची जिंकली 1940-41 ला. विदर्भाने गेल्या काही वर्षांत तीनदा: 2017-18, 2018-19, 2024-25. शेवटच्या वेळी सेमीफायनलला मुंबईला लोळवून.

विदर्भाला वेगळा संघ ताकद बघून दिला नव्हता. नागपूर जुन्या मध्य प्रांतात होतं, इतकंच. आधी संघ मिळाला, ताकद नंतर आली. हां, नंतर म्हणजे फार नंतर: 1957-58 ला पहिली रणजी, साठ वर्षांनी पहिली ट्रॉफी. म्हणून ‘वेगळा खानदेश संघ द्या, उद्या कप आणतो’ म्हणणाऱ्या भाऊलोकांशीही माझं जमत नाही. बोर्ड बदललं की चेंडू वळायला लागत नाही.

पण 2023 ला महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हाचे सहा संघ आठवा: पुणे, कोल्हापूर, रत्नागिरी, नाशिक, संभाजीनगर, सोलापूर. खानदेश? उत्तर महाराष्ट्र म्हणून नाशिकला टाळ्या वाजवा. रावेरच्या केळीने भावासाठी बऱ्हाणपूरकडे बघायचं, पोराने संघासाठी नाशिक-पुण्याकडे. जळगावच्या जैन इरिगेशनचा संघही टाइम्स शील्ड खेळायला मुंबईत जातो, कारण स्पर्धा तिथे आहे.

पुणेकर म्हणतील, दम असेल तर येईलच वर. येतो ना, एखादा. ज्याच्या बापाला पुण्यात खोली परवडते तो. बाकीचे सोळाव्या वर्षी टेनिस बॉलच्या टुर्नामेंटांमध्ये जिरतात, आणि मग आपणच त्यांची कमी मोजतो.

मागणी रणजी संघाची नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून सोळा आणि एकोणीस वर्षांखालचे दोन संघ, राज्य संघटनेच्या पगारावरचा कोच, आणि पूर्ण मोसमभर पुणे-कोल्हापूरशी सामने, त्यातले निम्मे इकडे. पहिली पाच वर्षं हरतील. हरू द्या.