हरलेल्या देशाशी कसे वागावे : मझौलीचा जाहीरनामा

आम्ही मझौली तहसिलातले आणि जबलपूर शहरातले मराठी बोलणारे लोक. विष्णुवराहाच्या देवळाच्या आवारात बसून हे लिहीत आहोत. आमच्यात शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात उमेदीची वर्षे काढलेलेही आहेत. ज्या घरांनी तोफगोळे भरले, त्या घरांना लढाई संपल्यावर काय व्हावे हे सांगण्याचा हक्क आहे. तो बजावण्यासाठी ही चळवळ आज सुरू करीत आहोत.

हा प्रश्न आमच्या दारापर्यंत आलेला आहे. 3 डिसेंबर 1971 रोजी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर बाँब टाकले आणि 16 डिसेंबरला ढाक्यात जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली. सुमारे 93 हजार माणसे आपल्या ताब्यात आली. खुद्द नियाझी जबलपूरच्या लष्करी छावणीत कैदी होते, ते 1974 च्या एप्रिलमध्ये परत गेले. ज्यांच्या हुकमाखालच्या फौजेने बंगालात कत्तली केल्या आणि सुमारे एक कोटी लोकांना भारतात पळून यायला लावले, ते सेनापती इथेच, आमच्या जिल्ह्यात, कैदी म्हणून नियमाने जेवत-झोपत होते. त्यांना तसे वागवले याचा आम्हाला अभिमान आहे. शिपायाने हत्यार खाली ठेवले की त्याच्यावरचा राग तिथेच थांबला पाहिजे.

2 जुलै 1972 च्या सिमला करारानंतर आपण पश्चिमेकडचा जिंकलेला सुमारे 13 हजार चौरस किलोमीटर मुलूख परत केला. सिंधमधल्या वाळवंटातली गावे ठेवून घेऊन आपल्याला काय मिळणार होते? तिथल्या शेतकऱ्याने ढाक्यात गोळी झाडली नव्हती. मुलूख परत गेला, हे योग्यच झाले.

चुकले ते पुढे. युद्धगुन्ह्यांसाठी 195 जणांची नावे वेगळी काढली होती. बांगलादेश त्यांच्यावर खटले चालवणार होता. दोन वर्षे घासाघीस झाली, पाकिस्तानने बांगलादेशला मान्यता दिली, आणि 9 एप्रिल 1974 च्या तिन्ही देशांच्या करारात त्या सगळ्यांना माफी देऊन घरी पाठवले. पाकिस्तानने नेमलेल्या हमूदुर रहमान आयोगानेही दोषी सेनाधिकाऱ्यांवर खटले चालवा असेच सुचवले होते. एकही खटला उभा राहिला नाही. ज्या बायकांवर अत्याचार झाले, ज्यांची मुले मारली गेली, त्यांना माफी द्यायची आहे का हे कुणी विचारलेच नाही. दुसऱ्याच्या जखमेवरची माफी वाटण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही, असे आम्ही मानतो. आणि आपले 54 जवान बेपत्ता म्हणून यादीत राहिले ते राहिलेच. पाकिस्तान म्हणते, आमच्याकडे कुणी नाही.

मराठी माणसाने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू भोगल्या आहेत. मार्च 1795 मध्ये खर्ड्याला निजाम हरला. पुण्याने तीन कोटींची खंडणी मागितली, दौलताबादेसह मुलूख मागितला, त्याचा दिवाणही ताब्यात घेतला. त्यातले पुष्कळसे वसूल झालेच नाही, मात्र अपमान पुरता झाला. 1798 मध्ये निजामाने इंग्रजांची तैनाती फौज घेतली, आणि 1803 च्या युद्धात तो शिंदे-भोसल्यांच्या विरुद्ध इंग्रजांबरोबर होता. त्याच्या या वळणाला इतरही कारणे होती, पण खर्ड्याचा वाटा आम्ही नाकारत नाही. मग पाळी आपली आली. 1817 मध्ये सीताबर्डीला नागपूरकर भोसले हरले, त्याच वर्षी डिसेंबरात इंग्रज जबलपुरात शिरले, आणि 1818 च्या तहात हा नर्मदाकाठ भोसल्यांच्या हातून गेला. पराभूताकडून काय काय लिहून घेता येते, ते आमच्या पूर्वजांनी याच मातीत पाहिले. व्हर्सायमध्ये 1919 साली जर्मनीचे काय केले आणि वीस वर्षांत त्यातून काय उगवले, ते जगाने पाहिले. उलट 1952 च्या तहात भारताने जपानकडून युद्धभरपाई घेतली नाही. ते धोरण आम्हाला आपले वाटते.

म्हणून आमचे म्हणणे असे. हल्ला करून हरलेल्या देशाची जमीन, त्याचे अन्न आणि त्याचा साधा शिपाई यांना हात लावू नये. कैदी वर्षानुवर्षे सौद्यासाठी अडकवून ठेवू नयेत. पण कत्तलीचा हुकूम देणाऱ्याला तहातून वगळावे आणि त्याचा खटला उघड्या न्यायालयात व्हावा, मग बदल्यात कितीही मोठी मान्यता मिळत असो. बेपत्ता सैनिकांचा संयुक्त तपास हे तहाचे पहिले कलम असावे. ठरलेला प्रत्येक शब्द कागदावर यावा. सिमल्यात नियंत्रणरेषेबद्दल तोंडी समजूत झाली होती असे तेव्हाच्या पंतप्रधानांचे सचिव पी. एन. धर यांनी पुढे लिहिले, पाकिस्तानने ते नाकारले. तोंडी समजुतीचे हे असेच होते. आणि आपल्याकडे जिनिव्हा करारांचा कायदा 1960 चा आहे, पण नरसंहाराविरुद्ध स्वतंत्र कायदा आजही नाही. तो संसदेने करावा, ही आमची सर्वांत पहिली मागणी. दुसऱ्याच्या गुन्हेगाराचा न्याय मागणाऱ्या देशाने तोच कायदा स्वतःला लावून घेतला पाहिजे, आपल्या सैन्यालाही.

येत्या 16 डिसेंबरला सकाळी आम्ही याच आवारात जमणार आहोत. मागणीपत्रावर सह्या होतील, ते आमच्या खासदारांच्या हाती दिले जाईल. पाकिस्तानी कैदी होते त्या काळात जबलपूरच्या छावणीवर दूध, भाजी, कपडे पोचवणारे, पहाऱ्यावर किंवा दवाखान्यात काम केलेले कुणी तुमच्या घरात असतील, तर त्यांना घेऊन या. त्यांचे म्हणणे आम्हाला त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवायचे आहे.